गो भाषेत आज्ञावली लिहिताना : काही सूचना व काही खाचखळगे

संगणकास स्वतःची बुद्धी नसते. त्यास जे सांगावे ते तो करतो, आणि चुकीचे सांगितले तर तेही तितक्याच तत्परतेने करतो. म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्याने दोन प्रकारच्या चुकांतील भेद प्रथमपासूनच ओळखावयास हवा. पहिल्या प्रकारची चूक झाली की आज्ञावली चालतच नाही. अशी चूक त्रासदायक असली तरी प्रामाणिक असते, कारण ती आपण होऊन पुढे येते. दुसऱ्या प्रकारची चूक मात्र गुपचूप बसते. आज्ञावली चालते, सुबक उत्तर छापते, आणि ते उत्तर खोटे असते. प्रस्तुत लेखात ह्या दुसऱ्या प्रकारच्या चुकांचाच विशेष विचार करावयाचा आहे.

विवेचन सोपे व्हावे म्हणून आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. शाळेचे निकालपत्रक तयार करणारी आज्ञावली गो भाषेत लिहावयाची आहे. निकालपत्रकातील प्रत्येक ओळीमागे एक विद्यार्थी असतो. त्याचे नाव, त्याची जन्मतारीख आणि त्याचे गुण ह्यांत फरक पडला, तर ती चूक संगणकाची राहत नाही. ती त्या मुलाच्या दाखल्यावर जाऊन बसते. वाचकांनी हे सतत मनात ठेवावे.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. गो भाषेतील मूळ शब्द रोमन लिपीतच लिहावयाचे असतात, व आज्ञेतील संख्याही इंग्रजी अंकांनीच लिहावयाच्या असतात. येथे वाचनाच्या सोयीसाठी ते नागरीत दिले आहेत.

१. भाषेची ओळख

गो भाषेची आखणी गूगल कंपनीत २००७ साली सुरू झाली. रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन हे तिचे तीन मूळ रचनाकार. ह्यांपैकी थॉम्पसन हे युनिक्स ह्या विख्यात कार्यप्रणालीचे जनक म्हणून ओळखले जातात. मोठमोठ्या आज्ञावल्यांचे यंत्रभाषेत रूपांतर होण्यास फार वेळ लागत असे आणि जुन्या भाषा उत्तरोत्तर बोजड होत चालल्या होत्या. यास्तव थोड्या शब्दांची, शिस्तीची आणि एका वेळी अनेक कामे सहज हाताळणारी भाषा त्यांना हवी होती. नोव्हेंबर २००९ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि मार्च २०१२ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली. डॉकर व कुबरनेटिस ही सर्व्हरांच्या जगातील दोन मोठी साधने ह्याच भाषेत लिहिली आहेत.

२. भाषेची शिस्त

गो भाषेचा कंपायलर कडक शिक्षकासारखा आहे. एखादा चल घोषित करून वापरला नाही, किंवा एखादे पॅकेज मागवून त्याचा उपयोग केला नाही, तर तो आज्ञावली परत करतो. नवशिक्यास ह्याचा राग येतो. परंतु न वापरलेला चल हा पुष्कळदा विसरलेल्या कामाची खूण असतो. तसेच, फंक्शनचा उघडणारा महिरपी कंस त्याच ओळीच्या शेवटी असावा लागतो. तो खालच्या ओळीवर नेला तर चूक दाखविली जाते. ह्याचे कारण असे की, ओळ संपताच कंपायलर योग्य त्या ठिकाणी स्वतःच अर्धविराम घालतो.

आता मराठी विद्यार्थ्यास विशेष जिज्ञासेची वाटेल अशी गोष्ट. चलांची नावे देवनागरीत देता येतात काय? येतात, पण अर्धवट. नावात अक्षरे व अंक चालतील असा नियम आहे. आणि युनिकोडच्या वर्गवारीत काना, वेलांटी, उकार, मात्रा ही 'अक्षरे' नसून 'चिन्हे' आहेत. परिणामी 'घर' हे नाव चालते, 'कमल' चालते, 'घर२' सुद्धा चालते. परंतु 'नाव', 'गुण' किंवा 'गोवा' ही नावे कंपायलर नाकारतो. ह्याशिवाय एका पॅकेजमधील नाव दुसऱ्या पॅकेजला दिसावे असे वाटल्यास त्याचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतील असावे लागते. आपल्या लिपीत मोठे व लहान असा भेदच नाही. म्हणून नागरी अक्षराने सुरू होणारे नाव पॅकेजच्या बाहेर कधीच दिसू शकत नाही. तात्पर्य, नावे रोमन लिपीत द्यावी आणि टिपा हव्या तेवढ्या मराठीत लिहाव्या.

३. शून्य आणि अभाव

गो भाषेत चलास किंमत दिली नाही तरी तो रिकामा राहत नाही. पूर्णांकास ० मिळते, स्ट्रिंगला रिकामा मजकूर मिळतो, आणि खरे-खोटे सांगणाऱ्या चलास 'खोटे' ही किंमत मिळते. ही सोय उपयुक्त आहे, परंतु तिच्या पोटातच पहिला खळगा आहे.

समजा, हजेरी क्रमांकावरून गुण सांगणारा एक मॅप आपण केला. १७ क्रमांकाचा विद्यार्थी आजारीपणामुळे परीक्षेस बसलाच नाही, म्हणून त्याची नोंदच नाही. मॅपला १७ चे गुण विचारले तर तो तक्रार करीत नाही. तो ० असे उत्तर देतो. आता 'अनुपस्थित' आणि 'शून्य गुण' ह्यांत केवढे अंतर आहे! ह्यावर उपाय असा की, मॅपकडून एकाऐवजी दोन उत्तरे घ्यावी. पहिले उत्तर म्हणजे किंमत, आणि दुसरे म्हणजे ती नोंद खरोखर होती की नाही ह्याची ग्वाही. दुसरे उत्तर 'खोटे' आले तर पत्रकात 'अनुपस्थित' असे लिहावे.

मॅपविषयी आणखी दोन गोष्टी. नुसता घोषित केलेला मॅप 'निल' असतो. त्यातून वाचता येते, पण त्यात लिहू गेल्यास आज्ञावली तेथेच कोसळते; म्हणून 'मेक' ह्या आज्ञेने तो आधी तयार करून घ्यावा. तसेच मॅपमधील नोंदी एकामागून एक काढू लागलो तर त्यांचा क्रम ठरलेला नसतो व दर वेळी तो बदलू शकतो. हजेरीपटाचा क्रम हवा असेल तर क्रमांक वेगळे काढून, त्यांची क्रमवारी लावून, मगच छापावे.

४. भागाकाराचा फसवा हिशेब

पूर्णांकास पूर्णांकाने भागले की गो भाषा अपूर्णांक टाकून देते. सहा विषयांत मिळून ४५७ गुण असतील तर ४५७ ÷ ६ ह्याचे उत्तर ७६ येते. पुढचा भाग नाहीसा होतो. शेकडेवारीत तर ह्याहून मोठा घात होतो. ६०० पैकी ४५० गुणांची शेकडेवारी काढताना 'गुण भागिले एकूण, गुणिले १००' असे लिहिले, तर प्रथम ४५० ÷ ६०० होऊन ० येतो, आणि ० ला १०० ने गुणून ० च राहतो. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला विद्यार्थी नापास ठरतो! आधी १०० ने गुणून मग भागल्यास ७५ हे बरोबर उत्तर येते. दशांश स्थळे हवी असल्यास दोन्ही संख्या आधी 'फ्लोट६४' ह्या प्रकारात रूपांतरित कराव्या. भागाकार झाल्यानंतर रूपांतर करून उपयोग नाही. गेलेला अपूर्णांक परत येत नाही.

पैशांचे हिशेब मात्र दशांशांत न करता पूर्ण पैशांत करावे. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवितो, आणि ०.१ सारखी साधी संख्याही त्यात तंतोतंत बसत नाही.

आणखी एक लहानसा सापळा : आज्ञेत एखाद्या पूर्णांकामागे सहज शून्य लावू नये. १० च्या मागे शून्य लावून ०१० असे लिहिले, तर ती संख्या अष्टमान पद्धतीची समजली जाते आणि तिची किंमत ८ होते.

५. चुकीची वार्ता कानाआड करू नये

अनेक भाषांत चूक घडली की नेहमीचा क्रम सोडून भलतीकडेच उडी मारली जाते. गो भाषेची रीत वेगळी आहे. येथे फंक्शन आपल्या उत्तराबरोबरच 'एरर' नावाची दुसरी किंमत परत देते. ती 'निल' असेल तर सर्व ठीक. नसेल तर काहीतरी बिघडले आहे. प्रत्येक ठिकाणी ही तपासणी लिहिण्याचा कंटाळा येतो, आणि मग मुले एररच्या जागी अधोरेषेचे चिन्ह टाकून मोकळी होतात. त्याचा अर्थ होतो, 'काय झाले ते मला सांगू नकोस.'

ह्याचा परिणाम पाहा. मजकुरातून संख्या काढण्यासाठी 'स्ट्रकॉन्व्ह' पॅकेजमध्ये 'एटॉय' नावाचे फंक्शन आहे. एखाद्या मराठी शाळेत गुण भरणाऱ्याने '७८' हे अंक नागरीत भरले. एटॉय फक्त इंग्रजी अंक ओळखते. म्हणून ते एरर देते, आणि उत्तरादाखल ० देते. एरर टाकून दिला असेल, तर ७८ गुणांचे ० झाले आणि कोणास पत्ताही लागला नाही. गंमत अशी की, 'युनिकोड' पॅकेजातील 'इझडिजिट' ह्या फंक्शनास विचारले, तर ते '७' हा अंक आहे असेच सांगते. म्हणजे एकाने अंक म्हणून मान्य केलेली वस्तू दुसरा स्वीकारीलच असे नाही. तेव्हा नागरी अंक आधी इंग्रजी अंकांत बदलावे, मग एटॉयकडे द्यावे, आणि तरीही एरर तपासावा. एरर वर पाठविताना कोणत्या विद्यार्थ्याची, कोणत्या विषयाची नोंद बिघडली हेही सोबत लिहावे. केवळ 'चूक झाली' ह्या वार्तेने कोणाचेच काम होत नाही.

ह्याच प्रकरणात ':=' ह्या चिन्हाविषयी सांगितले पाहिजे. नुसते '=' म्हणजे असलेल्या चलास नवी किंमत देणे; ':=' म्हणजे नवा चल निर्माण करणे. 'इफ'च्या कंसांत चुकून ':=' लिहिले, तर बाहेरच्या चलाच्या नावाचाच दुसरा चल आत जन्मास येतो. आत त्यास योग्य किंमत मिळते, कंस संपताच तो नाहीसा होतो, आणि बाहेरचा चल होता तसाच राहतो. आतील चलाचा कंसातच वापर झाला असेल तर कंपायलरही काही बोलत नाही. मग आपण दोष शोधतो तो भलत्याच फंक्शनमध्ये. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी गत होते.

६. आपली अक्षरे आणि संगणकाचे बाइट

हा भाग मराठी विद्यार्थ्याने दोनदा वाचावा. संगणकात मजकूर साठविण्याची 'यूटीएफ-८' ही पद्धत १९९२ साली थॉम्पसन व पाइक ह्यांनीच रचली. न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर तिचा आराखडा प्रथम मांडला गेला. हेच दोघे पुढे गो भाषेच्या रचनेत होते. म्हणून ही पद्धत गो भाषेत मुरलेली आहे. तीत रोमन अक्षरास १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हास ३ बाइट लागतात. बेळगावकडील मुलांच्या परिचयाच्या कन्नड लिपीचेही असेच आहे.

'मराठी' हा शब्द घ्या. डोळ्यांस त्यात तीन अक्षरे दिसतात : म, रा, ठी. युनिकोडच्या दृष्टीने त्यात पाच चिन्हे आहेत : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. गो भाषेत अशा प्रत्येक चिन्हास 'रून' म्हणतात. आणि 'लेन' ह्या फंक्शनास लांबी विचारली तर उत्तर येते १५, कारण ते बाइट मोजते.

आता निकालपत्रकातील नावाचा रकाना अरुंद आहे म्हणून कोणी नावाचे पहिले १० बाइट घेतले, असे समजू. 'मराठी' शब्दाचे १० बाइट घेतल्यास पहिल्या ९ बाइटांत 'मरा' एवढेच बसते आणि दहावा बाइट 'ठ' चा तुटका तुकडा म्हणून लोंबकळत राहतो. छापताना तेथे प्रश्नचिन्हासारखी विचित्र आकृती उमटते. हे टाळण्यासाठी स्ट्रिंगचे रूनांत रूपांतर करून मग तोडावे असे पुष्कळ ठिकाणी शिकवितात. हा उपाय इंग्रजीस पुरतो, आपणांस पुरत नाही. 'मीरा' ह्या नावात चार रून आहेत; पहिले तीन घेतले तर 'मीर' उरते. एकही बाइट तुटला नाही, पण मुलीचे नाव बदलले! यास्तव नियम असा की, माणसांची नावे तोडूच नयेत. रकाना रुंद करावा.

नावांची तुलना करतानाही सावध असावे. 'कऱ्हाड' मधील 'ऱ' हे वर्णचिन्ह एकाच रूनने लिहिता येते, किंवा 'र' व नुक्ता अशा दोन रूनांनीही लिहिता येते. डोळ्यांस भेद दिसत नाही, परंतु '==' ह्या चिन्हाने तुलना केल्यास दोन्ही शब्द भिन्न ठरतात. तुलनेपूर्वी दोन्ही शब्द एकाच रूपात आणावे लागतात. त्यासाठी 'नॉर्म' हे स्वतंत्र पॅकेज उपलब्ध आहे.

७. स्लाइस : एकाच पाटीवर दोघांचे लेखन

स्लाइस ही स्वतः यादी नसून, यादीच्या एका भागाकडे पाहण्याची खिडकी आहे. मूळ यादी खाली अ‍ॅरेमध्ये असते. गुणानुक्रमे पाच नावांची यादी आहे, आणि तीतून पहिल्या तिघांची स्लाइस आपण काढली, असे समजा. ह्या तिघांच्या यादीस 'अपेंड' ने एक उत्तेजनार्थ नाव जोडले. नवे नाव कोठे गेले? खिडकीच्या पुढे मूळ अ‍ॅरेत जागा होतीच. तेथे चौथ्या विद्यार्थ्याचे नाव होते. नवे नाव त्यावरच लिहिले गेले, आणि चौथा विद्यार्थी मूळ यादीतून नाहीसा झाला. एकाच पाटीवर दोघांनी लिहिले की असेच व्हावयाचे. अशा वेळी 'कॉपी' आज्ञेने, किंवा २०२३ च्या १.२१ आवृत्तीपासून मिळणाऱ्या 'स्लाइसेस' पॅकेजातील 'क्लोन' फंक्शनाने, स्वतंत्र प्रत करून घ्यावी.

'रेंज' ने यादीवरून फिरताना हातात येते ती प्रत्येक नोंदीची नक्कल. सर्वांस ५ वाढीव गुण द्यावयाचे असून ते नकलेस दिले, तर मूळ नोंदी जशाच्या तशाच राहतात. क्रमांक धरून मूळ नोंदीवरच बदल करावा.

८. तारखेचा नमुना

तारीख कशी छापावी हे सांगण्यासाठी गो भाषेत एक ठरावीक तारीखच नमुना म्हणून लिहावी लागते : २ जानेवारी २००६, दुपारचे ३ वाजून ४ मिनिटे ५ सेकंद. महिना १, दिवस २, तास ३, मिनिटे ४, सेकंद ५, वर्ष ६ असा तो क्रम आहे. आपण दिवस आधी लिहितो. म्हणून नमुना '०२-०१-२००६' असा हवा. '०१-०२-२००६' असा लिहिल्यास महिना आधी येतो, आणि ५ ऑगस्टला जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर ०८-०५ असे उमटून ती तारीख ८ मे अशी वाचली जाते. उलट, दाखल्यावरची तारीख वाचून घेताना नमुना चुकला असेल, तर १२ तारखेपर्यंतच्या तारखा निमूटपणे उलटतात आणि १३ पासून पुढे एरर येतो. म्हणून चाचणी घेताना दोन्ही प्रकारच्या तारखा घ्याव्या.

९. अनेक हातांचे काम

'गो' हा शब्द लावून फंक्शन बोलाविले की ते स्वतंत्रपणे चालू लागते. त्यास गोरुटीन म्हणतात. ही सोय ह्या भाषेचे भूषण आहे, पण ती वापरताना तीन गोष्टी पाळाव्या. पहिली : मुख्य फंक्शन संपले की सर्व गोरुटीन अर्धवट काम टाकून संपतात, म्हणून 'वेटग्रुप' ने त्यांची वाट पाहावी, आणि त्यातील मोजणी गोरुटीन सुरू करण्यापूर्वीच वाढवावी. दुसरी : दोन गोरुटीनांनी एकाच चलावर एकदम लिहू नये. पाच तुकड्यांचे उत्तीर्ण विद्यार्थी पाच गोरुटीन एकाच बेरजेत मिळवीत आहेत. दोघांनी एकदम ४० वाचले, प्रत्येकाने १ मिळविला, आणि दोघांनीही ४१ लिहिले. एक विद्यार्थी बुडाला. येथे 'म्यूटेक्स'चे कुलूप लावावे, अथवा प्रत्येकाने आपली बेरीज चॅनलमधून एकाच हिशेबनिसाकडे पाठवावी. तिसरी : चॅनल बंद करण्याचे काम पाठविणाऱ्याचे आहे. बंद चॅनलमध्ये पाठवू गेल्यास आज्ञावली कोसळते.

'डिफर' विषयी एवढेच की, डिफर केलेली कामे फंक्शन संपताना उलट क्रमाने होतात, म्हणजे शेवटी सांगितलेले आधी. फेऱ्यांच्या आत फाइल उघडून ती बंद करण्याची आज्ञा डिफर केली, तर सर्व फाइली फंक्शन संपेपर्यंत उघड्याच राहतात. प्रत्येक फाइलीचे काम वेगळ्या लहान फंक्शनमध्ये करावे.

१०. उपसंहार

गो भाषेबरोबर येणारी साधने नित्य वापरावी. 'गो फॉर्मॅट' लेखन नीटनेटके करते, 'गो व्हेट' संशयास्पद जागा दाखविते, 'गो टेस्ट' चाचण्या चालविते, आणि चाचणीस 'रेस' ही सूचना जोडल्यास चाचणी चालू असताना घडलेली गोरुटीनांची झोंबाझोंबी उघडकीस येते. तथापि, मीरेचे नाव 'मीर' झाले हे कोणतेही साधन सांगू शकत नाही. ते पाहणाऱ्या माणसानेच पाहावयाचे असते. म्हणून आज्ञावली पुरी झाल्यावर चार नोंदी हाताने मांडून तिच्या उत्तराशी ताडून पाहाव्या : एक अनुपस्थिताची, एक शून्य गुणांची, एक पूर्ण गुणांची आणि एक जोडाक्षरी लांब नावाची. ह्या चार नोंदींस जी आज्ञावली उतरली, तिच्यावर बऱ्याच अंशी विसंबता येईल.

स्वाध्याय

१) 'गोवा' ह्या शब्दाचे बाइट किती व रून किती?
२) ५०० पैकी ३५० गुणांची शेकडेवारी पूर्णांकांनी 'गुण ÷ एकूण × १००' अशी काढल्यास उत्तर काय येईल?
३) पाच नावांच्या यादीतून पहिल्या दोघांची स्लाइस काढून तीस एक नाव अपेंड केल्यास मूळ यादीतील कितवे नाव पुसले जाईल?
४) १, २, ३ ह्या क्रमाने छापण्याची कामे डिफर केल्यास ती कोणत्या क्रमाने छापली जातील?

उत्तरे : १) १२ बाइट, ४ रून. २) ०. ३) तिसरे. ४) ३, २, १.